केसाएवढी तार

बोरगाव मेघे, वर्धा
६ जानेवारी २०२५

निशांत,

पत्राच्या वर 'प्रिय' लिहायची पद्धत आहे. ती मी कॉलेजात मुलांना पगार घेऊन शिकवते, त्यामुळे घरी तिला सुटी.

तुझं कुरिअर मिळालं. बाबांच्या तेरवीला आपण शेवटचं बोललो, त्याला आता नऊ वर्षं होतील. एवढ्या काळानंतर माणूस निदान तब्येत विचारतो, गुडघे कसे आहेत विचारतो. तुझं पहिलं वाक्य काय, तर 'ताई, बास गिटारच्या पिकअपचं काय ठरवलंस?' म्हणजे बहीण गेली तरी चालेल, गिटारची प्रकृती कळली पाहिजे.

गिटार कुरकुरते आहे हे तुला पद्माकाकूंनी सांगितलं असणार. वर्ध्याची बातमी पुण्याला पोचवायला त्यांच्याइतकं जलद साधन अजून निघालेलं नाही. बातमी खरी आहे. तारांखाली दोन काळ्या पट्ट्या असतात ना, तेच पिकअप. (हे तुझ्यासाठी नाही, तुझ्या बायकोसाठी, चारुतासाठी लिहिते. ती तुझी पत्रं आधी वाचते हे मला माहीत आहे.) आत लोहचुंबक, त्याभोवती तांब्याची केसाएवढी बारीक तार गुंडाळलेली. वरची तार थरथरली की आतून वीज निघते आणि ती पुढे स्पीकरपर्यंत जाते. आपल्या गिटारच्या दोन पट्ट्यांपैकी पुढची, मानेजवळची, आता मध्येच बोलते, मध्येच गप्प बसते, मध्येच चुलीतल्या ओल्या लाकडासारखी तडतडते. फेब्रुवारीत कारंज्याला खंजिरी भजनाची स्पर्धा आहे. आपलं सिंदीचं महिला मंडळ उतरणार आहे. तोवर काहीतरी करायलाच हवं होतं.

तेवढ्यात तुझी यादी. तीन प्रकार, प्रत्येकाचं वर्णन, आणि खाली 'ताई, तुला आवडेल तो निवड, खर्च माझा.' वर्णनं वाचून मला वधूवर सूचक मंडळाची आठवण झाली. पहिला म्हणे 'उबदार, जुन्या वळणाचा'. दुसरा 'आक्रमक, तरीही समतोल'. तिसरा 'शांत स्वभावाचा, घरघर न करणारा'. गोरा, निर्व्यसनी आणि पुण्यात स्वतःचा फ्लॅट एवढंच लिहायचं राहिलं.

तरीही मी नीट विचार केला. भावाचा राग भावावर काढावा, वाद्यावर काढू नये. आक्रमक आहे तो बॅटरीवर चालतो. अभंगाच्या मधोमध बॅटरी संपली तर मंडळाची जयवंता मला खंजिरीनंच बडवेल. शिवाय बॅटरी ठेवायला लाकूड कोरावं लागेल, आणि या लाकडाला मी सुताराचा हात लागू देणार नाही. उबदारवाला मोहात पाडतो, पण मंडपात डिमरचे दिवे आणि जनरेटर असले की तसले पिकअप मधमाश्यांचं मोहोळ फुटल्यासारखे गुणगुणतात. म्हणून तिसरा, घरघर न करणारा. आयुष्यात एकदाच शांत स्वभावाचं स्थळ पसंत करते आहे, तेवढं करून टाक.

मापं कळव असं तू म्हटलं नाहीस. कदाचित तुला पाठच असतील.

एकच कोडं सुटत नाही. यादीच्या तळाला तू लिहिलंस, 'जुने दोन्ही पिकअप मात्र जपून काढ आणि मला पाठव. भावनिक कारण आहे.' तुझी भावना आणि कुरिअर कंपनी यांची गाठ आजवर पडलेली मी पाहिली नव्हती. काऊन पाहिजे तुले?

इला


बोरगाव मेघे
१७ जानेवारी

निशांत,

नवे पिकअप आले. डबी इतकी सुंदर आहे की आत मंगळसूत्र निघेल असं वाटलं. पण दोन्ही एकाच मापाचे निघाले.

बाबा रे, या गिटारला पुढचा पिकअप आखूड असतो आणि मागचा लांब. जरासाच फरक, पण लाकडातली खाचही तशीच कोरलेली असते. मागचा बरोबर बसला. पुढचा खाचेच्या काठावर अडकून राहिला, लग्नात नको असलेला पाहुणा पंगतीच्या टोकाला उभा राहतो तसा. ज्यानं एकदाही ही गिटार उघडली असेल, निदान कपड्यानं पुसली असेल, त्याच्याकडून ही चूक व्हायची नाही. असो. दुकानदाराची चूक असेल. मी तुझ्यासाठी सबबी शोधायला लवकर शिकले होते, ती सवय हातातून जात नाही.

त्याच दिवशी जयवंता सिंदीहून आली होती. गिटार टेबलावर उघडी पाहून दारातूनच म्हणाली, "काऊन वं इला, पोट फाडून ठेवलं थे इचं? पोस्टमार्टम हाय का?"

म्हटलं, निशांतनं नवे पिकअप पाठवले, पण बसत नाहीत.

"निशांतनं?" ती खुर्चीत बसता बसता थांबली. "पैशे त्यानं देल्ले? मंग पाहून घे बाई, कायी तरी पाह्यजे असंन त्याले. थ्या पोरानं लहानपणी बोरं देल्ले तं मागून आठोळ्या मोजून घेतल्या होत्या."

मी हसले. तुझी बाजूही घेतली. म्हटलं, त्याला जुने पिकअप आठवण म्हणून हवेत.

"आठवन?" जयवंता म्हणाली. "कायची? त्यानं हात तरी लावला होता काय कदी गिटारीले?"

मी चहा टाकायला उठले. काही प्रश्नांना चहा हेच उत्तर असतं.

आखूड माप पाठव. किंवा राहू दे. आणि भावनिक कारण जरा उलगडून सांग.

इला


बोरगाव मेघे
२४ जानेवारी

निशांत,

आता उलगडायची गरज उरली नाही. तुझी मुलाखत मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. जयवंतानं टाकली. खाली फक्त एक रागाचं लाल तोंड आणि 'आयक'.

ऐकली. सबंध ऐकली. दुसऱ्यांदाही ऐकली, कारण पहिल्यांदा माझ्या कानांवर विश्वास बसला नाही आणि दुसऱ्यांदा तुझ्यावर.

तर आपली शहाण्णव सालची कॅसेट, 'जयवंताबाई व संच, सिंदी', कुणीतरी इंटरनेटवर चढवली आणि पुण्यामुंबईच्या तरुण मंडळींना खंजिरीखालचा बास एकदम आवडला. छान झालं. त्यांनी कव्हर वाचलं : 'बास गिटार : चि. निशांत.' हेही स्वाभाविक. त्यांनी तुला गाठलं. आणि तू, त्या वेळी पुण्याच्या होस्टेलात परीक्षेची घोकंपट्टी करत असलेला, नागपूरच्या स्टुडिओचा जिनासुद्धा न चढलेला तू, माईकसमोर बसून सांगतोस, 'मी तेव्हा अठराचा होतो. आमच्याकडे साधनं नव्हती, पण आवाज माझ्या डोक्यात होता.'

माझ्या बोटांत होता रे. डोकं तुझं होतं, बोटं माझी सोलली होती.

पुढचं तर मी पाठ केलंय. मुलाखत घेणाऱ्या मुलीनं विचारलं, सर, तो खोल, गोल आवाज कसा काढलात? आणि सर म्हणाले, 'दोन्ही पिकअपची बटणं फुल्ल उघडी ठेवायची. लोक घाबरतात. मी घाबरलो नाही.'

निशांत, मी पन्नाशीची बाई आहे, रक्तदाबाची गोळी घेते, साप्ताहिकात सदर लिहून गावातल्या निम्म्या मान्यवरांना दुखावलंय. पण एवढा राग मला कुणाचा आला नव्हता. खोटं बोललास त्याचं नवल नाही. खोटं बोलताना वाद्याला साधा एक प्रश्नसुद्धा विचारला नाहीस.

आता ऐक, त्या दोन बटणांचं काय होतं ते. चारुतालाही वाचायला दे.

रेकॉर्डिंगच्या आधी पुढचा पिकअप मेला. नागपूरचा दुकानदार म्हणाला, मुंबईहून येईल, महिना लागेल. महिना कुणाकडे होता? टेलिफोन दुरुस्त करणाऱ्याकडून केसाएवढी तांब्याची तार आणली आणि बाबांचा पेटीचरखा काढला. होय, तोच. शाळेत सूतकताई शिकवायला न्यायचे तो. चातीला, सूत गुंडाळतं त्या सळईला, लाकडी ठोकळा बसवला, ठोकळ्यावर पिकअपचा सांगाडा मेणानं चिकटवला, आणि डाव्या हाताच्या चिमटीत तार धरून उजव्या हातानं चाक फिरवत राहिले. तार तुटायची. जोडायची, पुन्हा फिरवायचं. बाबा बाजूला बसून बघत होते. म्हणाले, "सूत ओढण्यापेक्षा अवघड आहे गं हे." त्यांनी माझं केलेलं कौतुक शोधायला बसलं तर हेच एक वाक्य सापडतं.

पण चरखा आपल्या घरी कायम एकाच बाजूला फिरायचा. मीही त्याच बाजूला फिरवला. इथंच चुकलं. या दोन पिकअपची तार एकमेकांच्या उलट गुंडाळलेली असावी लागते. माझी झाली सारखी. त्यामुळे व्हायचं काय, एकटा पुढचा उघडला तर आवाज असा खोल की पाटावर बसलेल्या माणसाला मांडीत लागायचा. पण दोन्ही बटणं उघडली की दोघं एकमेकांना खायचे. खालचा सगळा आवाज गायब, वर नुसती नाकातली किणकिण, डासाला सर्दी झाल्यासारखी. नुसत्या दोन वायरी अदलाबदल करून हे मिटलं असतं, हे मला दहा वर्षांनी कळलं. तोवर हाताला सवय झाली होती. कॅसेटभर मागचं बटण पूर्ण बंद आहे. तू ज्याला धाडस म्हणालास ते त्या गिटारवर कुणी केलं असतं तर रेकॉर्डिंगवाल्यानं वायर तपासायला माणूस पाठवला असता.

आणि कव्हरवर तुझं नाव का, तेही तुला माहीत आहे. प्रार्थनेनंतर सत्यावर बोलणाऱ्या, हातानं कातलेल्या सुताचा सदरा घालणाऱ्या आपल्या बाबांनी, केशवरावांनी, छापखान्यात जाऊन सांगितलं, 'गिटारवर मुलीचं नाव नको, तिचं अजून व्हायचंय.' जयवंताचं नाव चाललं, कारण तिचं झालेलं होतं. तर माझं नाव नाही छापलं आणि लग्नही नाही झालं. कुठल्याच दुकानात एवढा तोट्याचा सौदा होत नसेल.

तेव्हा तुझा दोष नव्हता. हे मी तेरवीला स्वयंपाकघरात तुला म्हटलं होतं. एवढंच मागितलं होतं की पाहुण्यांना खरं सांग. तू म्हणालास, "ताई, आज तमाशा नको." आज नको म्हणालास, निशांत. मी त्या 'आज'चा अर्थ 'उद्या' असा घेऊन बसले.

जुने पिकअप कशाला हवेत तेही मुलाखतीच्या शेवटी कळलं. तेवीस फेब्रुवारीला पुण्यात तुझा कार्यक्रम. 'त्याच मूळ पिकअपवर तो आवाज पुन्हा.' हे तुझं भावनिक कारण. तिकीट लावलंय म्हणे.

इला


बोरगाव मेघे
४ फेब्रुवारी

निशांत,

तुझं उत्तर वाचलं. फोन तू करत होतास, पण मी उचलला नाही. फोनवर तू मध्ये बोलतोस. कागदावर मला माझं वाक्य पूर्ण करता येतं.

तू लिहितोस, नाव बाबांनी दिलं, मी मागायला गेलो नव्हतो. खरं आहे. बाबांनी तुला सायकलही दिली होती. ती लहान झाल्यावर चालवायची सोडलीस ना? तू लिहितोस, ताई, तुला कुठे स्टेजवर जायचंय. अरे, मी तीस वर्षं स्टेजवरच आहे. सिंदीच्या, सेलूच्या, आष्टीच्या. तिथं तिकीट नसतं, म्हणून तुला दिसत नाही. आणि शेवटी ते वाक्य, 'बहीणभावात काय तुझं-माझं.' हे वाक्य आजवर ज्याच्याकडे वस्तू आहे त्याच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. नेहमी ज्याला ती हवी असते तोच म्हणतो.

चारुताचाही मेसेज आला. "ताई, तेवढं सांभाळून घ्या ना. ऋग्वेदच्या शाळेतले सर येणार आहेत. त्यानं मित्रांना सांगितलंय, माझ्या बाबांनी वाजवलंय."

हे वाचून मात्र मी थांबले. पोराचा काय दोष? मग वाटलं, हेच तर. एका बापानं खोटं छापून मुलाच्या हातात दिलं. आता तो मुलगा बाप झालाय आणि तेच पुढे सरकवतोय. आपल्या घराण्यात शेती नाही, सोनं नाही. वारसा म्हणून हे एवढंच चाललंय.

तर माझी अट, एकच. तेवीस तारखेला स्टेजवर वाजवण्याआधी म्हण, 'कॅसेटवरचा बास माझ्या बहिणीनं, इलानं वाजवला.' एवढं म्हणणार असशील तर गिटार, पिकअप, चरखा, सगळं घेऊन मी स्वतः पुण्याला येते. शेजारी बसून वाजवते. टाळ्या तू घे. मला टाळ्यांची ॲलर्जी आहे, नाव चालतं.

आठवडाभर वाट बघीन.

इला


बोरगाव मेघे
१८ फेब्रुवारी

निशांत,

'बघू, कार्यक्रमाच्या ओघात जमलं तर उल्लेख करतो. पिकअप मात्र लगेच पाठव.'

मिळाला तुझा मेसेज. ओघात. जमलं तर. उल्लेख. चार शब्दांत माणूस किती पळू शकतो हे मुलांना शिकवायला हे वाक्य मी वर्गात वापरणार आहे.

मग मी कपाटावरून चरखा उतरवला. चाक फिरवणारी दोऱ्याची माळ कुजली होती, नवी घातली. पुढचा पिकअप काढला, वरची पट्टी सोडवली आणि माझ्या एकविसाव्या वर्षी गुंडाळलेली तार उलगडायला घेतली. एका जागी तिचं लाखेचं कातडं उडून हिरवट डाग पडला होता. तडतड तिथूनच येत होती. जुनी तार सगळी काढली, नवी लावली. आणि या वेळी चाक उलट फिरवलं. पहिल्यांदा हात ऐकेना. बाबांनी शिकवलेली बाजू सोडायला मनगटाला वेळ लागतो. मग ऐकला.

जयवंता समोर बसून होती. म्हणाली, "उलटं फिरवून राह्यली का वं?"

म्हटलं, हो.

"केशवगुरुजी असते तं रागावले असते."

म्हटलं, म्हणूनच तर.

सोळा तारखेला कारंज्याला स्पर्धा झाली. महामार्गाला लागून मंडप. ट्रकांचे हॉर्न, डिमरचे दिवे, शेजारी ढाब्याचा जनरेटर, म्हणजे गिटारला रडवायची सगळी तयारी. मी दोन्ही बटणं पूर्ण उघडली. घरघर नाही, किणकिण नाही. आवाज असा उठला की समोरच्या सतरंजीवरच्या बायांनी खाली हात लावून पाहिलं. तू मुलाखतीत जे खोटं सांगितलंस ते मी आता खरं करून ठेवलंय. फक्त माणूस वेगळा आहे.

निवेदक नावं वाचत होता. माझ्यापाशी आल्यावर अडला. म्हणाला, "गिटारवर... कोन हाय थे?" मी तोंड उघडायच्या आत जयवंतानं त्याच्या हातातला माईक ओढला. "इला केशवराव. आन् शहाण्णवच्या कॅसेटवरबी हेच होती, मी बाजूलेच बसून होती. कव्हरवर चुकीचं छापलं हाय. आयका आता."

मंडपात कुणी टाळी वाजवली नाही. एक म्हातारी फक्त शेजारणीला म्हणाली, "तरीच." तीस वर्षांत मला मिळालेला हा सगळ्यात चांगला अभिप्राय.

नंबर तिसरा आला. परीक्षकांनी शेरा दिला, 'खंजिरी उत्तम, गिटार परकीय.' जयवंता त्यांच्याशी अजून भांडते आहे.

ते सगळं कुणीतरी मोबाइलवर घेतलंय. ग्रुपवर आलंय. माईकवरचं जयवंताचं वाक्य स्वच्छ ऐकू येतं. ऋग्वेदचा नंबर माझ्याकडे आहे, पण मी त्याला पाठवलेलं नाही. ते काम बापाचं. तेवीस तारखेपर्यंत ते तुझंच राहील.

या पत्राबरोबर खोकं आहे. त्यात तुझे दोन्ही नवे पिकअप, डबीसकट, परत. ते वाईट नाहीत. पण मला आता शांत स्वभावाचं स्थळ नको आहे.

खोक्याच्या तळाला लाल कागदात एक पुडी आहे. हळू उघड, पंखा बंद करून. तू मूळ पिकअप मागितला होतास. सांगाडा आणि चुंबक मी ठेवून घेतलेत, ते कारखान्याचे होते. त्यातला जो आवाज कॅसेटवर ऐकू येतो तो या तारेत होता, म्हणून ती पाठवते. सगळी आहे, हिरव्या डागासकट. गुंता झालाय थोडा.

कार्यक्रमाला अजून पाच दिवस आहेत. गुंडाळून घे. कोणत्या बाजूला फिरवायची, ते ज्यानं वाजवलं त्याला ठाऊक असणारच.

तुझी ताई,
इला